मशीनवर चादर पडली की

अब्बा,

गेल्या रविवारी तुमच्या नातवाचा पुण्याहून फोन आला. त्याची बायको काही महिन्यांसाठी कंपनीच्या कामाला परदेशी गेली आहे आणि हा दोन मुलांना घेऊन एकटा राहतो आहे. नोकरी सांभाळायची, मुलांच्या शाळा, डबे, अभ्यास, सगळं त्याच्यावर. म्हणाला, "अम्मी, मी दिवसाचे तुकडे पाडलेत. कुठल्या तुकड्यात काय करायचं ते फोनमध्ये रंगवून ठेवलंय. तरी दुपारपर्यंत सगळं कोसळतं. तू आणि नाना कसं करायचात?" मी विचारलं, त्या रंगवलेल्यात एखादा चौकोन रिकामा आहे का. तो म्हणाला, "नाही ग, जागाच उरली नाही." मला हसू आलं. त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. मग मी त्याला तुमच्याबद्दल बराच वेळ सांगत बसले, जसं आठवेल तसं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की निम्मं राहूनच गेलं, आणि जे राहिलं ते त्याला सांगायचं नव्हतंच, तुम्हाला सांगायचं होतं. म्हणून कागद घेऊन बसले आहे.

शहाद्याच्या बाजारातली आपली ती जागा मला डोळे मिटले की दिसते. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये पडदा. दुकानात तुमचं पायमशीन दाराशी, कारण उजेड तिथेच यायचा. माझी अम्मी एका पावसाळ्यात तापाने गेली तेव्हा मी दुसरीत होते आणि माझी धाकटी बहीण, आपली छोटी, नुकती घरभर पळायला लागली होती. सुरुवातीचे काही महिने तुम्ही सगळं एकदम करायचात. एक पाय मशीनवर, एक कान चुलीवरच्या दुधाकडे, एक डोळा छोटीवर, आणि तोंडाने दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणं. गिऱ्हाईक अहिराणीत बोलायचं, तुम्ही अहिराणीत उत्तर द्यायचात, तेवढ्यात आपल्या घरच्या हिंदीत मला ओरडायचात की छोटीला धर. मी शाळेची मराठी कविता पाठ करत असायची. त्या काळी मला वाटायचं, अब्बांना किती हात आहेत! आता वाटतं, तुम्हाला त्या दिवसांत एकही हात पुरता मिळत नव्हता.

आणि मग ती दुपार. तुम्ही सदऱ्याची बाही जोडताय. दूध वर येतंय असा वास येतो, तुम्ही मान मागे वळवता, पाय मात्र थांबत नाही, सवयीने चालतच राहतो. छोटी मशीनला टेकून उभी आहे. तिने चमकणाऱ्या सुईखाली बोट घातलं. ती ओरडली नाही, आधी फक्त बघत राहिली. सुई नखातून आरपार गेली होती. तुम्ही हाताने चाक उलटं फिरवून सुई वर घेतली, तिला उचललं आणि अनवाणी डॉक्टरकडे पळालात. दूध उतू जाऊन चूल विझली. मी तो बाहीचा तुकडा उचलला, त्यावर रक्त पडलं होतं, आणि काय करावं ते न कळून घडी घालून ठेवला.

छोटीचं बोट बरं झालं, नख जरा वाकडं उगवलं एवढंच. पण बातमी नंदुरबारला पोचली आणि फूफी बसने आल्या. तुमच्या थोरल्या बहीण, घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं, "भाई, दुसरं लग्न कर, नाहीतर पोरी मला दे. मशीन चालवणाऱ्या माणसाला पोरी वाढवता येत नाहीत." तुम्ही त्यांच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवलीत. मग म्हणालात, "आपा, लग्नसराई संपेपर्यंत थांब. तोवर जमलं नाही तर तू म्हणशील ते." मी पडद्यामागे उभी होते. मला नंदुरबार आवडायचं, फूफींच्या घरी दोन वेळा गोड मिळायचं, तरी मला तिथे राहायला जायचं नव्हतं. छोटीला काहीच कळलं नव्हतं. ती फूफींच्या पिशवीत हात घालून शेवेचा पुडा शोधत होती.

त्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आलात ते दुकान उघडलंच नाहीत. ओट्यावर बसलात आणि मला शेजारी बसवलंत. तुम्ही माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं पहिल्यांदा बोललात. "बेटी, कापड कापायला काय लागतं?"

मी म्हटलं, "कात्री."

"कात्री सगळ्यांकडे असते. कापायला डोकं लागतं, आणि शेजारी कुणी बोलायला नको. एकदा कात्री चुकली की कापड गेलं. मग मशीनला काय लागतं?"

"पाय."

"पाय आणि डोळे. आणि काजं करायला, बटणं लावायला, तुरपाई करायला?"

मला एकदम कळलं. "फक्त हात."

"फक्त हात," तुम्ही म्हणालात. "म्हणजे तेव्हा कान रिकामे असतात. तेव्हा तू मला धडा वाचून दाखवू शकतेस. पण मशीन चालू असताना नाही. आणि तुम्ही दोघी समोर असताना कात्री नाही, मशीनही नाही." मग तुम्ही स्वतःशीच बोलत राहिलात, कुठलं काम कुठे बसवायचं. आपल्या घरी घड्याळ होतं, पण ते मागे पडायचं. अजान मात्र कधी चुकत नव्हती. दिवसाचे भाग मशिदीने आधीच पाडून दिलेत, असं तुम्ही म्हणालात, मला फक्त त्यात काम भरायचं आहे. पहाटे फजरनंतर आम्ही झोपेत असताना कापणं. उजाडल्यावर चूल, आमच्या वेण्या, माझी शाळा. मग मशीन, आणि तेवढा वेळ छोटी शेजारच्या खालांकडे, त्यांचे कपडे त्या बदल्यात तुम्ही शिवणार. दुपारी जोहरनंतर गिऱ्हाइकं, मापं, बोलणी, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा पुन्हा मशीन. ऊन उतरल्यावर असरची अजान झाली की मशीनवर चादर, आणि मगरिबपर्यंत फक्त आम्ही दोघी. दिवे लागले की हातशिलाई आणि माझे धडे.

सांगताना हे किती सोपं वाटतं. पहिले काही आठवडे सगळा सावळागोंधळ झाला. पहाटे छोटी उठून रडायची आणि कापणं राहून जायचं. गिऱ्हाइकं भल्या सकाळी माप द्यायला येऊन उभी राहायची. तुमच्या चपात्यांना कोपरे यायचे. पण तुम्ही एक गोष्ट केलीत, जी मी पुढे आयुष्यभर वापरली. फसलं की तुम्ही आखणी मोडीत काढली नाहीत, तेवढाच भाग उसवलात आणि पुन्हा जोडलात. छोटी पहाटे उठते, तर तिला दुपारी झोपू द्यायचं नाही, रात्री लवकर निजवायचं. सकाळी गिऱ्हाईक येतंच, तर त्याच्याशी भांडायचं नाही, हसून म्हणायचं, "जोहरनंतर या, बसून बोलू, चहा पाजतो." लोक चहाच्या आशेने का होईना, दुपारी यायला लागले.

असर ते मगरिब ही वेळ मला सगळ्यात जास्त आठवते. चादर पडली की तुमचा चेहराच बदलायचा. आपण गोमाई नदीच्या काठाला जायचो. छोटी वाळूत खड्डे करायची आणि तुम्ही धोतर-टोपीवाल्या, फेटेवाल्या, लुगडेवाल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघून सांगायचात, हा सदरा कुणी शिवला, त्या बाईचं पोलकं कुठे चुकलं. मी विचारायची, "अब्बा, हे कामच झालं ना?" तुम्ही म्हणायचात, "नाही, ही चहाडी आहे." आणि मोठ्याने हसायचात. अम्मी गेल्यानंतर तुम्ही तिथे पहिल्यांदा हसलात, हे मला पक्कं आठवतं.

तुम्ही मला एकदाच रागावलात, आणि तेही माझ्या चांगुलपणावर. दिवेलागणीला तुम्ही काजं करत होतात आणि मी वाचायचं सोडून दुकान झाडायला घेतलं. चिंध्या गोळा केल्या, खडूचे तुकडे डबीत भरले, इस्त्रीतले विझलेले कोळसे काढले. मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल. तुम्ही सुई कपड्यात खोचून ठेवलीत आणि विचारलंत, "ही कुणाची वेळ आहे?" मी म्हटलं, "माझ्या अभ्यासाची. पण मी तुम्हाला मदत करतेय." तुमचा आवाज चढला. "मी मागितली का? ही वेळ मी तुझ्यासाठी काढून ठेवलीय. ती मला परत देऊ नकोस. आज तू दुकान झाडशील, उद्या चूल बघशील, परवा शाळा सोडशील, आणि सगळे म्हणतील पोरगी किती गुणी! तुझ्या वेळेवर माझासुद्धा हक्क नाही." मी रडले. तुम्ही मला जवळ घेतलं नाहीत. सुई काढून पुन्हा काजं करायला लागलात आणि म्हणालात, "वाच." मी हुंदके देत धडा वाचला. अब्बा, पुढे माझ्या वर्गातून किती मुली घरकामासाठी शाळा सोडून गेल्या, आणि प्रत्येक वेळी मला ते संध्याकाळचं 'वाच' ऐकू आलं. त्यांच्या घरी जाऊन मी त्यांच्या आईबापांशी भांडले ते त्याच जोरावर. काही मुली परत आल्याही.

मग लग्नसराई आली आणि खरी कसोटी लागली. एका दिवशी चादर पडल्यावर, आपण निघायच्या तयारीत असताना तोरणमाळच्या बाजूचा एक माणूस आला. खांद्यावर मुलगी, हातात कापड. बाजार आटोपून त्याला त्याच दिवशी परत डोंगर चढायचा होता. मुलीसाठी झगा हवा होता. तो फार काही बोलला नाही, त्याची बोली आपल्याला आणि आपली त्याला अर्धीमुर्धीच कळायची. त्याने कापड पुढे केलं आणि मुलीकडे बोट दाखवलं. तुम्ही आमच्याकडे पाहिलंत. खरोखर विचारलंत, "तुमची वेळ आहे. देऊ का याला?" छोटीने त्या मुलीकडे बघितलं आणि मान हलवली. तुम्ही चादर काढलीत. त्या दिवशी आपण नदीवर गेलो नाही. छोटी आणि ती मुलगी चिंध्यांची बाहुली करत बसल्या, आणि बाप-लेक उन्हं असतानाच वाटेला लागले.

ही गोष्ट बाजारात पसरली, म्हणून पुढचं घडलं. दोन-चार दिवसांनी ब्राह्मणपुरीचे एक मोठे शेतकरी आले. कापूस, केळी, ऊस, सगळं भरपूर. घरी गुजरी बोलणारी, बाजारात अहिराणी बोलणारी ती माणसं, आणि हे तुमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मुलाचं लग्न होतं. नवरदेवाचा कोट आणि घरातल्या सगळ्या पुरुषांचे कपडे, म्हणजे अख्ख्या हंगामाचं काम. पण ते आले असर झाल्यावर. तुम्ही छोटीची चप्पल बांधत होतात.

"मास्टर, तू काय करी ऱ्हायना? मन्हा पोऱ्यानं लगीन शे. ऊठ, आते माप ले."

तुम्ही उठून उभे राहिलात, त्यांना बसायला दिलंत, पाणी दिलंत आणि उद्या दुपारचा वायदा केलात. "काका, मापं सकाय दुपारले लेस. आते पोरींना वखत शे."

"पोरींना वखत?" ते हसले, मग त्यांचं हसू गेलं. "डोंगरना माणूसले त्याच वखतले शिवी दिन्हं, नि माले सांगस सकाय ये?"

"त्याले सकाय येता येत नव्हतं, काका. तुमना घर बैलगाडी शे."

छोटी एका पायात चप्पल घालून तशीच उभी होती. मला वाटत होतं, घ्या ना माप, अब्बा, आम्ही थांबतो. मी तोंड उघडलंही असेल. तुम्ही माझ्याकडे बघितलं आणि मी मिटलं. काकांनी कापडाचं गाठोडं उचललं आणि गाडीत टाकलं. जाताना म्हणाले, "शहादामा तूच एकला मास्टर नही शे." ते पुन्हा कधी आपल्या दुकानात आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही वाट बघत होतात, हे मला माहीत आहे. टेप गळ्यात अडकवून दारात दोनदा गेलात. नदीवर त्या आठवड्यात तुम्ही कुणाच्या सदऱ्याबद्दल काही बोलला नाहीत.

पण हंगाम कोरडा गेला नाही. त्याचं कारण मला मोठेपणी कळलं. शहाद्यातले सगळेच शिंपी लग्नसराईत वायदे करायचे आणि मोडायचे. नवरदेव मांडवात उभा आणि कोटाची एक बाही अजून दुकानात, हे दर वर्षी कुणा ना कुणाच्या घरी व्हायचंच. तुमचं काम मात्र सांगितल्या दिवशी तयार असायचं, कारण पहाटेचं कापणं पहाटे होत होतं आणि मशीनच्या वेळेत तुम्ही मशीनवरच असायचात. कमी तास बसून तुम्ही जास्त शिवत होतात. ज्यांचे वायदे दुसरीकडे मोडले ते तुमच्याकडे आले. पुढच्या वर्षी तर लोकच एकमेकांना सांगायचे, मास्टरकडे दुपारी जा, ऊन उतरल्यावर गेलास तर चादर दिसेल.

हंगाम संपला आणि फूफी आल्या. आमचे कपडे न्यायला मोकळी पेटी घेऊनच आल्या होत्या. मला शाळेची सुट्टी लागली होती, छोटी खालांकडे होती आणि तुमचं मशीन चालू होतं. तुम्ही मान वर करून सलाम केलात आणि म्हणालात, "आपा, आत बस. असरनंतर बोलू." आणि मशीन चालू ठेवलंत! सख्ख्या थोरल्या बहिणीला! फूफी आत येऊन पेटीवर बसल्या, रागाने लाल झालेल्या. मी त्यांना चहा करून दिला. त्यांनी घर बघितलं, डबे उघडून बघितले, माझी पाटी बघितली. अजान झाली, मशीन थांबलं, चादर पडली. तुम्ही नमाज पढून, छोटीला खालांकडून घेऊन आत आलात, तिला मांडीवर घेतलं, तिचे केस विंचरायला लागलात. एक वेणी वर, एक खाली. छोटी तुम्हाला खालांच्या बकरीची लांबलचक गोष्ट सांगत होती आणि तुम्ही सगळी ऐकत होतात, मध्ये प्रश्न विचारत होतात. फूफी बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "माझ्या पोरांना मीसुद्धा इतकी सापडत नाही, भाई." मग पेटीवरून उठत, "पण ती चपाती मात्र मी शिकवून जाते." चार दिवस राहिल्या, तुम्हाला चपात्या शिकवल्या, आणि मोकळी पेटी मोकळीच परत नेली.

आता माझं सांगते. सातवी फायनल पास झाले, ट्रेनिंग झालं, लोणखेड्याच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. आपल्या मोहल्ल्यातली पहिलीच. लग्न झालं ते शहाद्यातच, कापसाच्या जिनिंग कारखान्यात नोकरी करणाऱ्या तुमच्या जावयाशी. मुलगा झाला, मग मुलगी. मला गर्व होता की मी तुमची मुलगी आहे, मला वेळ कापता येतो. पहाटेपासून मी दिवस असा आखला की मध्ये बोटभर फट नाही. पाणी, चूल, मुलांच्या अंघोळी, मग मुलांना तुमच्याकडे सोडायचं आणि तिथून पायी लोणखेडा. आणि रोज उशीर. कधी मुलगा दूध सांडायचा, कधी मुलगी निघताना अंगावरच ओकायची, की सगळा दिवस ओळीने पडत जायचा. हेडमास्तर सज्जन होते, पण एके दिवशी म्हणाले, "बाई, प्रार्थनेला तुम्ही नसताच. आता पुन्हा झालं तर मला वर कळवावं लागेल." त्या दिवशी शाळेतून तुमच्याकडे मुलं घ्यायला आले तेव्हा माझा अवतार बघून तुम्ही काही विचारलं नाहीत. नातवाचा सदरा उतरवून माझ्यापुढे उलटा धरलात.

"या शिवणीच्या आत काय आहे?"

"माया," मी म्हटलं. शिवणीपलीकडे सोडलेल्या जादा कापडाला बाजारातले सगळेच शिंपी माया म्हणायचे.

"पोरगा अंगाने भरला की हीच सोडून सदरा मोठा करतात. मापाइतकंच कापड कापलं तर पहिल्यांदा वाकला की फाटतो. तू दिवस मापाइतकाच कापलायस."

मी दमलेली होते, चिडले. "अब्बा, तुमचं गिऱ्हाईक थांबायचं. शाळेची घंटा माझ्यासाठी थांबत नाही. माया कुठून काढू? कापडच नाही! आणि तुम्ही एकटे होतात. आमच्या घरी दोन माणसं आहेत, तरी काम एकीचंच आहे."

बोलून गेले. तुम्ही ऐकून घेतलंत. मग सदरा नातवाच्या डोक्यातून घालत म्हणालात, "खरं आहे. मी दुकानाचा धनी होतो. हे मला सुचलं नसतं." तुम्ही कधी जावयाच्या संसारात बोलला नाहीत, त्या दिवशीही नाही. पण मी बोललेलं माझ्याच कानात राहिलं होतं.

घरी जाऊन मी तुमच्या जावयाला जेवायला वाढलं आणि सांगितलं, "उद्यापासून सकाळची मुलं तुमची. अंघोळ, दूध, आणि सायकलवरून अब्बांकडे पोचवायचं. मी चूल आणि पाणी करून आधी निघणार." ते सकाळी चौकात चहा पीत, रेडिओ ऐकत, मग भोंगा झाला की जिनिंगला जात. घास हातातच राहिला. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील मास्टरच्या जावयाला पोरं सांभाळता येतात."

"आणि मला नाही आली तर?"

"तुमच्या सासऱ्यांनाही येत नव्हती. त्यांना तर चपात्याही येत नव्हत्या, त्या फूफींनी शिकवल्या."

ते हसले आणि तिथेच मी जिंकले. पहिल्या दिवशी त्यांनी मुलीला तुमच्याकडे उलट्या झग्यात पोचवलं आणि तुम्ही तो चौकातल्या लोकांसमोर सुलटा केलात, हे तुम्हाला आठवत असेल. महिनाभर चौकाने त्यांची थट्टा केली, मग चौकाचा विषय संपला. आणि जो वेळ सुटला तो मी कशानेही भरला नाही. शाळेत सगळ्यांच्या आधी पोचायचे, रिकाम्या वर्गात बसायचे. काही बिघडलं तर तो वेळ त्यात जायचा. नाही बिघडलं तर माझा. हेडमास्तरांना वर कळवायची वेळ कधीच आली नाही. पुढे मीच हेडमास्तरीण झाले. अब्बा, या एका बाबतीत मी तुमच्या पुढे गेले. वेळ आखायला तुम्ही शिकवलंत. दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागून घ्यायचा असतो, हे माझं.

माझी मुलं अजून शाळकरीच होती तेव्हा, एका हिवाळ्यात तुम्ही छातीच्या दुखण्याने गेलात. शेवटचे काही दिवस मी शाळा सुटली की थेट तुमच्याकडे यायची. एकदा तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "ही वेळ तर मुलांची आहे. मुलं कुणाकडे?" मी म्हटलं, "त्यांच्या बापाकडे. आणि ही वेळ तुमची आहे." तुम्ही उशी जरा वर ओढून घेतलीत आणि म्हणालात, "मग वाच काहीतरी." जवळ पुस्तक नव्हतं. माझ्या पिशवीत मुलांचे निबंध होते, तेच वाचून दाखवले. गाईवरचे, होळीवरचे. एका मुलाने लिहिलं होतं की आमची गाय फार हुशार आहे, ती शाळेत येत नाही. तुम्ही खोकत खोकत हसलात.

नातवाला त्या रविवारी फोन ठेवताना एवढंच सांगितलं, की एखादा चौकोन रिकामा ठेव, फसलं तर तेवढंच उसव, आणि बायको परत आली की सगळं तिच्या अंगावर टाकू नकोस. त्याने ऐकलं असावं. काल दोन्ही मुलांना घेऊन बागेत गेल्याचा फोटो आला, मुलीच्या वेण्या वरखाली.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुम्हाला उर्दू येत होती, मराठी अक्षरं कधी लागली नाहीत, म्हणजे पोचलं तरी कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि पुढचं मला कुणी वाचायला नको आहे. नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली. सगळ्यांना वाटतं मी अजून दिवस आखून जगते. दुपारी मला फोन करायचा नाही, ती माझी वाचायची वेळ आहे, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. अब्बा, त्या वेळी मी वाचत नाही. मागच्या अंगणात खुर्ची टाकते, मीठ-तिखट लावून पेरू खाते आणि काहीच करत नाही. फोन वाजत असतो, मी उचलत नाही. संध्याकाळी सांगते, कामात होते.